हुकूम एक, मर्जी वेगळी

“झालं” या शब्दावर बाईंचा अजिबात विश्वास नव्हता. कुणी येऊन “बाई, काम झालं” म्हटलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, “झालं म्हणजे काय झालं?” आता याला कोण काय उत्तर देणार? काम झालं म्हणजे काम झालं. पण तेवढ्यावर त्या सोडायच्या नाहीत. कागद छापला का? शेवटच्या पानावर बेरीज आली का? ती तुम्ही पाहिली, का दुसऱ्या कुणी पाहिली असेल असं तुम्हाला वाटतंय? एवढं होईस्तोवर माणूस आपणहून उठून काम बघून यायचा. बहुतेक वेळा ते झालेलं नसायचं.

आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी ऊस विभागाचा कारकून होतो, त्या वेळची ही गोष्ट. कारखान्यात कंप्युटर आला आणि माझी बदली तिकडं झाली. हुशारीमुळं नव्हे, अक्षरामुळं. आमचे शेतकी अधिकारी म्हणाले, याला हातानं लिहू देण्यापेक्षा बटणं दाबू द्या, निदान शेतकऱ्याला आपलं नाव तरी वाचता येईल. घरी मात्र मी “निवड झाली” असं सांगितलं होतं. सासुरवाडीला अजून तसंच माहीत आहे.

बाई पुण्याहून कंप्युटर शिकून आलेल्या. मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, वाशीकडच्या. वय तिशीला टेकलेलं, लग्न नाही, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि जेवण उभ्यानं. बसून जेवलं की माणूस उगाच बोलत बसतो, असं त्यांचं म्हणणं. यंत्राची खोली गार असायची. सगळा तालुका तापलेला असताना गार हवा तेवढ्या एका खोलीत, आणि तीही यंत्रासाठी. त्यामुळं संचालकांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना आमच्याकडं काम निघायचं. बाई प्रत्येकाला चपला बाहेर काढायला लावायच्या आणि खुर्ची द्यायच्या नाहीत. उभा माणूस किती वेळ गार होणार?

त्या काळी कारखान्यात एक कंप्युटर होता, पण त्यात नांदत होती पाच घरं. ऊसनोंदणीचं पॅकेज एका कंपनीनं करून दिलेलं, काट्याचं, म्हणजे ऊस वजनाचं, दुसरीनं, पगाराचं कोल्हापूरकडच्या कुणा गृहस्थानं. वाहतूक आणि स्टोअर आणखी दोघांचं. एकाला दुसऱ्याचं तोंड माहीत नाही. पंधरवडा संपला की पाचही ओळीनं चालवायची. प्रत्येक जण नव्यानं विचारणार: हंगाम कोणता, पंधरवडा कोणता, कागद रुंद का अरुंद? एका जागी तारीख चुकली की पुढचं सगळं तसंच चुकत जायचं. नोंदणीआधी काटा चालवला तर उसाला धनीच सापडायचा नाही. तारखा चुकवण्यात माझा हात कुणी धरला नसता.

बाईंनी पहिल्याच हंगामात एक छोटी फाईल लिहिली. तिला त्या हुकूम म्हणायच्या. मी एक शब्द टाइप करायचा आणि एक बटण दाबायचं. मग तो हुकूम पाचही पॅकेजांच्या दारात ओळीनं जायचा, काम सांगायचा, ते खरंच झालं का ते तपासायचा, आणि तपासल्यावरच पुढच्या दारात. नसलं झालं तर जागीच थांबून कुठं अडलं ते पडद्यावर लिहायचा. आणि जे जे बदलतं, म्हणजे तारीख, हंगाम, कागदाची रुंदी, कोणाला काय आधी हवं, ते सगळं त्यांनी हुकुमातून काढून दुसऱ्या फाईलमध्ये ठेवलं. तिचं नाव मर्जी. एक सगळ्यांची मिळून मर्जी. शिवाय एखाद्या विभागाला वेगळं काही पाहिजे असेल तर त्याची स्वतःची बारकी मर्जी. बारकी असली तर ती चालायची, नसली तर थोरली.

“हुकूम एकच,” त्या म्हणायच्या. “मर्जी वेगळी. हुकुमाला हात लावायचा नाही.”

याची गंमत चेअरमन बदलले तेव्हा कळली. जुन्या चेअरमनसाहेबांना त्यांच्या गावची यादी सगळ्यात आधी छापून लागायची. निवडणुकीत ते पडले, नवे आले, आणि सगळ्या कारखान्यात धांदल उडाली. पाट्या बदलल्या, फोटो उतरले, कालपर्यंत जुन्या साहेबांच्या गाडीचं दार उघडणारे दोघं जण एकदम आजारी पडले. बाईंनी मर्जीतलं एका गावाचं नाव पुसलं, दुसऱ्या गावाचं घातलं, आणि चहा मागवला. आमच्या खोलीत सत्तांतर एवढंच झालं.

माझा मुलगा आता पुण्यात याच धंद्यात आहे. मागं सुट्टीला आला तेव्हा सांगत होता, त्यांच्या एका प्रोजेक्टात वीस-पंचवीस पॅकेजं असतात, आणि एकच स्क्रिप्ट सगळ्यांतून फिरते. ज्याचं त्याचं सेटिंग मात्र वेगळ्या फाईलमध्ये. बापाला काय कळणार, या हिशेबानं तो जरा हळूहळू सांगत होता. मी म्हटलं, म्हणजे हुकूम आणि मर्जी. तो माझ्याकडं बघतच राहिला. मी पुढं काही बोललो नाही. मला तेवढंच येत होतं.

माणसांशीही बाई असंच वागायच्या. माणूस बदलायला जायचं नाही, त्याची मर्जी बाहेर काढून ठेवायची. अकौंटंटना दुपारी दोनच्या आत काही विचारायचं नाही. काटा कारकुनाला आधी त्याच्या म्हशीबद्दल विचारायचं, मग वजनाबद्दल. मला चूक दाखवायची तर चहा पाजून. ही माझी मर्जी त्यांनी कधी टिपली कोण जाणे, पण चहा आला की मी आधी कालचे कागद काढून बघायला लागायचो.

त्यांची मर्जी काय, हे मात्र कॉलनीत कुणी विचारलं नाही. क्वार्टरच्या रांगेतलं शेवटचं घर त्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात एक कडुनिंब. कॉलनीतल्या काही घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं रांगेच्या शेवटापर्यंत पोचतच नसे. आमच्याकडं त्यांच्यासाठी वेगळा कप नव्हता, आणि तेवढ्यावरच मी नि माझी बायको स्वतःला मोठे सुधारक समजायचो. पण आमचंही बोलावणं “या की कधीतरी” एवढंच. एकदा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, “वहिनी, ‘कधीतरी’ला यायचं कसं? वार सांगा.” हिनं गडबडून रविवार सांगितला. रविवारी सांगितलेल्या वेळेला बाई दारात, आणि मी बनियनवर दात घासतोय.

त्यांच्याबरोबर त्यांचे वडील असत. अण्णा. पांढरं धोतर, काळी टोपी, पाठ ताठ. बहात्तरच्या दुष्काळात खडी केंद्रावर, म्हणजे सरकारी खडी फोडायच्या कामावर, ते हजेरी कारकून होते. पुढंही दुष्काळी कामांवरच त्यांची उमर गेली. आता मात्र त्यांना काही आठवेनासं झालं होतं. आधी वार गेले, मग घरं, मग माणसं. लेकीला ते “मास्तरीणबाई” म्हणायचे, आणि अदबीनं बोलायचे, परक्या बाईशी बोलावं तसं. बाई “व्हय अण्णा” म्हणून जेवायला वाढायच्या.

थोरला भाऊ नांदेडला नोकरीला. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला आला तेव्हा आमच्यासमोरच तो बहिणीला म्हणाला, “तू दिवसभर कारखान्यात. हे एकटे. आजवर निभलं, पण एकदा जरी हे हरवले तर मी घेऊन जाईन. मग वाद घालायचा नाही.” बाईंनी मान हलवली. त्याच्या घरी सून होती, नातवंडं होती, चोवीस तास माणूस होतं. खोडून काढण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण अण्णा गेले तर त्या शेवटच्या घरात बाईंना “जेवलीस का” विचारायलाही कुणी उरणार नव्हतं. तसे अण्णाही ते विचारत नसत, पण ताट तरी दोन लागत.

मग बाईंनी अण्णांच्या दिवसाला हुकूम बांधला. सकाळी निघताना त्या चहा-आंघोळ करून द्यायच्या. त्यानंतर माझी बायको भाकरी घेऊन जाणार. तिनं शेजारच्या रिटायर वॉचमनकाकांना जाऊन सांगायचं, मग काका अण्णांपाशी कडुनिंबाखाली बसणार. काकांनी दुपारी शिपायाला सांगायचं, शिपाई चहा देऊन बाईंना निरोप आणणार. आणि नुसतं “झालं” कुणी म्हणायचं नाही. काय झालं ते सांगायचं: भाकरी खाल्ली, अर्धी ठेवली, चपला दारात आहेत. माझी बायको पहिले काही दिवस फणकारली. “तुमच्या बाईंनी मलाबी मशीनला जोडलं की वो.” पण ती एक दिवस चुकली नाही. माझ्या हातात चहाचा कप देताना मात्र ती एवढी नेमकी कधी वागली नाही.

हे सगळं बिनबोभाट चालत होतं. पण त्या वर्षी विहिरी फार लवकर आटल्या. संक्रांत झाली आणि कॉलनीत टँकर सुरू झाला. टँकरला ना वार, ना वेळ. त्याचा हॉर्न वाजला की ताटावरचा माणूस घागर घेऊन पळायचा.

एके दिवशी तो भाकरीच्या वेळेलाच आला. माझी बायको घागरी घेऊन धावली, काकाही बादली घेऊन रांगेत. काकांना वाटलं, निरोप आला नाही म्हणजे भाकरी अजून चाललीय. शिपायाला वाटलं, काका बसलेत म्हणजे सगळं ठीक आहे. यंत्र असतं तर जागीच थांबून ओरडलं असतं. माणसांना एकमेकांबद्दल बरं वाटत राहिलं.

दुपारी शिपाई खोलीच्या दारात आला, चपला न काढता. “बाई, अण्णा घरात न्हाईत.”

पंधरवड्याचं काम यंत्रावर चालू होतं. हुकूम तिसऱ्या दारात होता. बाई उठल्या आणि पडद्याकडं न बघता बाहेर पडल्या. तसं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मागोमाग मी.

आम्ही पंपहाऊस पाहिलं, शाळा पाहिली, ढोकीच्या रस्त्याला फाट्यापर्यंत जाऊन आलो. कुणी म्हणालं म्हातारा तुळजापूरच्या गाडीत बसला, कुणी म्हणालं आपण पाहिलाच नाही. शेवटी काट्याच्या पलीकडं, जिथं ऊसतोड टोळ्यांच्या बैलगाड्या नंबर लागायची वाट बघत उभ्या असतात, तिथून आवाज ऐकू आला. खणखणीत, कचेरीतला आवाज.

“केरबा?”

“हाजीर.”

“धोंडाबाई?”

“हाजीर.”

अण्णा एका रिकाम्या गाडीच्या जुवावर बसले होते. हातात कागद नव्हता, पेन नव्हतं. डाव्या तळव्यावर उजव्या हाताचं बोट टेकवत ते नावं पुकारत होते, आणि ऊसतोडीची माणसं, उसाच्या मोळ्यांना टेकून तंबाखू मळता मळता, ओ देत होती.

एक म्हातारी बाईंना बघून पुढं आली. “तुमचा मानूस का? सकाळधरनं नावं पुकारतोय बिचारा. कुनीच ओ दिना, तवा म्या दिली. मग समदीच द्याय लागली. आपलं काय जातंय?”

अण्णा पुकारत होते ती माणसं बहात्तरची. त्यातली किती जिवंत होती देव जाणे. बाई पुढं होऊन म्हणाल्या, “अण्णा, घरी चला.”

“रांगंत या,” अण्णा म्हणाले.

बाई रांगेत उभ्या राहिल्या. म्हणजे रांग अशी नव्हतीच. म्हातारीच्या मागं उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आल्यावर अण्णांनी नाव विचारलं. बाईंनी सांगितलं. अण्णांनी तळव्यावरून बोट वर-खाली फिरवलं आणि मान हलवली.

“न्हाय लागत नाव. उद्या या.”

हजेरी संपली तसे ते आपणहून उठले, धोतर झटकलं, आणि आमच्या पुढं पुढं घरी चालत आले. त्या दिवशी ते पोटभर जेवले म्हणे.

बातमी नांदेडला पोचायला वेळ लागला नाही. कॉलनीतून त्या बाजूला जाणारे-येणारे होतेच. भावानं कारखान्यात फोन केला. हंगाम संपला की जीप घेऊन येतो, म्हणाला. बाई फोनवर एवढंच बोलल्या, “ये. बघ. मग ठरव.”

त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. हजेरी घेतल्यापासून अण्णा शांत झाले होते. उंबरा ओलांडत नव्हते, रात्रीचे उठून बसत नव्हते. भावानं तेवढं डोळ्यांनी पाहिलं तर कदाचित राहू देईल. म्हणून बाईंनी हुकुमात एक दार वाढवलं: शिफ्ट सुटली की अण्णांना घेऊन गाड्यांच्या तळावर. टोळ्यांना त्याची सवय झाली. तोडकरी पोरं मुद्दाम लांबून ओ द्यायची, आणि अण्णा दटावायचे, “जवळ येऊन बोल, मुकादमाचा जावई हाईस का?” सगळा तळ हसायचा. बाई रोज रांगेत उभ्या राहायच्या, रोज नाव सांगायच्या. रोज तेच उत्तर: न्हाय लागत, उद्या या. एकदा मी थट्टेनं म्हटलं, बाई, तुमची मर्जी चालत नाही वाटतं इथं. त्या हसल्या नाहीत. थट्टा कुठं करावी हे मला अजून नीट कळत नाही.

पण ऊस कुठवर पुरणार? निम्मा उभ्या-उभ्या वाळला, उरलेला छावण्यांतल्या जनावरांना वैरण म्हणून गेला. शिमग्याच्या आतच गाळप थांबलं. टोळ्यांनी एका सकाळी गाड्या जुंपल्या आणि दुपारपर्यंत तळ मोकळा. राहिलं ते उसाचं पाचट, राख आणि शेणाचे पो. त्याच दिवशी भावाची जीप आली.

चहा झाला. भाऊ अण्णांकडं बघत होता. अण्णा खरंच शांत होते. “बरे दिसतायत,” तो म्हणाला. बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तेवढ्यात भोंगा झाला आणि अण्णा उठले, टोपी घातली, दारात जाऊन उभे राहिले. हजेरीची वेळ.

आम्ही सगळेच निघालो. बाई आणि अण्णा पुढं, मी नि माझी बायको मागं, त्यामागून भाऊ हळूहळू जीप आणत होता. अण्णा मोकळ्या तळावर एका दगडावर बसले. तळवा पुढं धरला.

“केरबा?”

पाचटावरून वारा गेला. अण्णांनी मान वर केली, पुन्हा पुकारलं. ते चपला पायात नीट सारायला लागले. चपला अशा सारल्या म्हणजे ते आता चालायला लागणार, हे आम्हाला ठाऊक झालं होतं. भाऊ जीपमधून उतरून बघत होता.

“हाजीर,” बाई म्हणाल्या. जरा जाड आवाजात.

“धोंडाबाई?”

“हाजीर.” आता बारीक आवाजात.

“सोनाबाई?”

“हाजीर.”

आपणही एखादी ओ द्यावी असं माझ्या मनात आलं, पण कुणाच्या नावाला द्यावी हे ठरवेपर्यंत उशीर झाला. अण्णांचं बोट तळव्यावर थांबलं. ते उठून बाईंच्या समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्यांना निरखून पाहिलं. अण्णांची अख्खी उमर हजेरीवर गेलेली.

“एकाच तोंडानं तिघं जण हाजीर?” ते म्हणाले. “बोगस हजेरी माझ्या सेंटरावर चालत न्हाय, बाई. माझ्या घरच्यांचीबी म्या कधी लावली न्हाय.”

बाईंनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, “चुकलं, अण्णा. मग माझी एकटीची तरी घ्या.”

“नाव?”

बाईंनी सांगितलं.

“बापाचं नाव?”

हे त्यांनी एवढ्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं. बाईंनी वडिलांचं नाव सांगितलं, आडनावासकट, गावासकट. अण्णांनी बोट तळव्यावरून उचललं.

“वळखीचा हाय तो,” ते म्हणाले. “त्याला माझा निरोप सांग. म्हणावं, कितीबी दुष्काळ पडू दे, पोरीला खडी फोडाया धाडू नको. साळंत धाड. म्हणून तर तुझं नाव लावत न्हाय म्या.”

माझी बायको पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघायला लागली. भाऊ जीपपासून दोन पावलं पुढं आला आणि तिथंच थांबला. राहू दे त्यांना तुझ्याकडं, असं त्या क्षणी तो म्हणाला असता. अजूनही मला तसंच वाटतं. पण अण्णांची नजर त्याच्यामागं उभ्या जीपवर गेली. खडी केंद्रावर जीप आली म्हणजे साहेब आला. त्यांनी टोपी सारखी केली, पाठ ताठ केली आणि सरळ लेकासमोर जाऊन उभे राहिले.

“साहेब, मानसं गेली. काम संपलं. सेंटर बंद करावं म्हणतो.”

भावानं बहिणीकडं पाहिलं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. बाई बोलल्या नाहीत. अण्णांनी जीपचं दार स्वतः उघडलं आणि पुढच्या सीटवर बसले, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून. खूप दिवसांनी कामावरून सुटलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा दिसत होता. भाऊ तरीही थोडा वेळ उभा राहिला, मग गाडीत बसला. कपडे बरोबर द्यायचे हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही, ते नंतर पाठवले.

जीप काट्यावरून वळून दिसेनाशी झाली. माझी बायको म्हणाली, “बाई, चला, आज आमच्यात जेवा.” बाई येते म्हणाल्या. पण त्या जागेवरून हलल्या नाहीत. जिथं रोज उभ्या राहायच्या तिथंच, समोर बघत. रांगेत आता त्या एकट्याच होत्या.